मांजराची कफालत

आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला 'दत्तक' हा शब्द आला. एका मुलीने हात वर केला. "टीचर, आपल्यात दत्तक घेत नाहीत ना? मग मुंबईची माझी खाला सांगते, तिने संस्थेतून बिल्ली दत्तक घेतली. ते चालतं का?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

परक्या मुलाला आपले नाव लावायचे आणि त्याच्या जन्मदात्याचे नाव पुसून टाकायचे, याला इस्लामी कायद्यात मनाई आहे. मूल वाढवायला मनाई नाही. उलट अनाथाची जबाबदारी घेणे हे फार मोठे पुण्य मानले आहे. त्या जबाबदारीला शब्द आहे कफालत. हजरत मरियम यांची कफालत हजरत जकरिया यांनी केली, हे कुरआनात आले आहे. आता मांजराला ना आडनाव, ना वारसाहक्क. त्यामुळे खालाने केली ती कफालतच. तिथल्या फॉर्मवर 'दत्तक' छापले होते एवढेच. मुलीचे समाधान झाले. माझ्या डोक्यात मात्र दुसरा प्रश्न शिरला. बेवारस मांजरांची सोय लावण्याची ही रीत किती जुनी आहे, आणि त्याचा खर्च कोण करत असे?

आपल्याकडे मांजराचा विषय निघाला की मुअज्जाची गोष्ट आलीच. पैगंबर साहेबांच्या (स.) बाहीवर मांजर झोपले होते, त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली, वगैरे. मुलांच्या पुस्तकांत, मोबाईलवर, बयानात, सगळीकडे ही गोष्ट फिरते. हदीसच्या सहा प्रमुख ग्रंथांत ती कुठेही नाही. बाही कापल्याची अशीच गोष्ट बाराव्या शतकातले इराकचे सूफी शेख अहमद रिफाई यांच्या चरित्रात मात्र सांगितली जाते. त्यांचा सिलसिला आपल्या शेजारी सुरतेतही आहे. एका बुजुर्गांची गोष्ट हळूहळू पैगंबरांच्या नावावर गेली असावी, असे मला वाटते. गोष्ट गोड आहे यात शंका नाही. पण जे पक्के आहे ते याहून कामाचे आहे.

अबू कतादा (रजि.) हे सहाबी. त्यांची सून कब्शा त्यांच्या वुजूसाठी भांड्यात पाणी ओतत होती. तेवढ्यात एक मांजर आले. अबू कतादांनी भांडे तिरपे केले आणि मांजराला पोटभर पिऊ दिले. सून आश्चर्याने पाहत राहिली. तेव्हा त्यांनी सांगितले, की पैगंबर (स.) म्हणत, मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभोवती फिरणाऱ्यांपैकी आहे. इथे 'फिरणारे' यासाठी जो अरबी शब्द आला आहे, तो 'तवाफ' याच धातूतला. सूरह नूरमध्ये घरात येजा करणाऱ्या नोकरांसाठी आणि मुलांसाठी हाच धातू वापरला आहे. म्हणजे मांजराची गणती झाली ती घरातल्या माणसांबरोबर. आपल्या आज्या म्हणत, मांजर पिलांना सात घरे फिरवते. मला तर दोन्ही गोष्टी एकाच निरीक्षणातून आल्यासारख्या वाटतात. (हनफी फिकहमध्ये मांजराचे उष्टे पाणी वुजूसाठी किंचित नापसंत मानले आहे, शाफईमध्ये तेवढेही नाही. कोकणातले आपले भाऊबंद या बाबतीत आपल्यापेक्षा निवांत.)

दुसरी हदीस सगळ्यांना पाठ आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवले. खायला-प्यायला दिले नाही, आणि ते बाहेर जाऊन जमिनीवरचे किडे-उंदीर खाईल म्हणून सोडलेही नाही. ते मेले आणि बाईला शिक्षा झाली. ही हदीस आपण दयेची गोष्ट म्हणून सांगतो. तिचा कायदेशीर अर्थ जास्त नेमका आहे: प्राणी ताब्यात घेतला की त्याचे पोट तुमच्यावर. पोसता येत नसेल तर त्याला स्वतःचे पोट भरता येईल असे मोकळे सोडा.

तिसरी हदीस फारशी कुणी सांगत नाही. सहीह मुस्लिममध्ये जाबिर (रजि.) यांना कुत्रा आणि मांजर यांच्या किमतीबद्दल विचारले आहे, आणि पैगंबरांनी (स.) त्याला मनाई केली असे त्यांचे उत्तर आहे. पुढे बहुतेक फकीहांनी मांजराची विक्री जायज ठरवली, त्यात आपले हनफीही आले. मग या हदीसचे काय करायचे? दमास्कसचे इमाम नववी यांनी तिचे जे स्पष्टीकरण दिले ते मला फार आवडते. मनाई हराम ठरवण्यासाठी नाही, तर लोकांना मांजर एकमेकांना भेट द्यायची, वापरायला द्यायची, त्यात उदार असायची सवय लागावी म्हणून आहे, असे ते म्हणतात. आज पर्शियन मांजराचे पिलू हजारो रुपयांना विकत घेऊन त्याचे फोटो टाकणारी मंडळी आपल्याही मोहल्ल्यांत आहेत. हराम कुणी म्हणत नाही. पण नववींच्या लेखी मांजर दुकानातून नाही, तर एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवे होते.

नववी वारले १२७७ मध्ये. त्याच वर्षी इजिप्त आणि शामचा मामलुक सुलतान बैबर्सही वारला. दोघांचे पटत नव्हते. बैबर्सच्या करांविरुद्ध आणि जमिनींच्या जप्तीविरुद्ध नववींनी त्याला कडक पत्रे लिहिली होती. मंगोलांना ऐन जालूतला रोखणाऱ्या फौजेतला हा सरदार, नंतरचा सुलतान, लोकांच्या मालमत्तेच्या बाबतीत सोवळा मुळीच नव्हता. पण मांजरांच्या इतिहासात त्याचे नाव वेगळ्या कारणाने आहे. कैरोबाहेर त्याने एक बाग वक्फ केली, बेवारस मांजरांसाठी. बागेच्या उत्पन्नातून मांजरांना खायला घालायचे. वक्फ म्हणजे मालमत्ता विक्रीतून कायमची बाहेर काढायची आणि तिचे उत्पन्न ठरलेल्या कामाला लावायचे. दमास्कसमध्ये इब्न बतूताला असाही वक्फ भेटला होता, ज्यातून नोकराच्या हातून फुटलेल्या भांड्याच्या जागी नवे भांडे मिळे. मालकाचा मार चुकावा म्हणून. त्या काळातल्या शहरांत अशा बारीकसारीक गरजांचीही तरतूद असे.

या बागेचे पुढे काय झाले ते एडवर्ड लेन या इंग्रजाने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सापडते. तोपर्यंत बाग अनेकदा हस्तांतरित झाली होती. तिच्यातून मिळणारी रक्कम नावापुरती उरली होती. तरीही खायला घालण्याची जबाबदारी काझीवर होती. दररोज असरच्या सुमारास काझीच्या मोठ्या अंगणात मांसाचे तुकडे आणले जात, आणि आसपासची मांजरे जमत. पुढे लेनने एक ओळीची माहिती दिली आहे, ती वाचून मी पुस्तक मिटले. कैरोतल्या लोकांना घरची मांजर नकोशी झाली की ते ती काझीच्या अंगणात आणून सोडून देत.

सहाशे वर्षे चाललेल्या दानाचा हा शेवट! दान देणारा एक, राबवणारा दुसरा, आणि ओझे टाकून जाणारे सगळे. ज्यांनी मशिदीच्या पायरीवर सकाळी फजरच्या वेळी चिंध्यांत गुंडाळलेली पिले पाहिली आहेत, त्यांना कैरो लांब वाटणार नाही.

आता आपल्या बाजूला या. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरूनच जाई. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याच वाटेने गेला, आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असे लिहून ठेवले. (नवापूरकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही.) या मार्गाच्या त्या टोकाला, गुजरातच्या बंदरांत, युरोपीय प्रवाशांना सगळ्यात नवल वाटले ते जनावरांच्या दवाखान्यांचे. १५८३ मध्ये हिंदुस्थानात आलेला राल्फ फिच सांगतो, की खंभातमध्ये लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी इस्पितळे आहेत. शंभर वर्षांनी सुरतेत ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने जनावरांचे इस्पितळ पाहिले, आणि त्याशेजारी ढेकूण-पिसवांसाठीही एक. तिथे म्हणे रात्री एका गरीब माणसाला पैसे देऊन झोपवत, म्हणजे ढेकणांची उपासमार होऊ नये. ओव्हिंग्टनला यात हसू आले. मला त्या गरीब माणसाचा विचार आला.

इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ मध्ये खंभातला होता. पक्ष्यांच्या इस्पितळात त्याने पाहिले, की पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा ठेवून कापसात ठेवलेल्या अनाथ उंदरांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजतो आहे. जनावरांच्या इस्पितळात त्याला एक माणूसही दिसला. तो चोरीबद्दल दोन्ही हात तोडलेला मुसलमान होता. कमावण्याचे साधन गेले, मरेल बिचारा, म्हणून तिथल्या अहिंसक वाण्यांनी त्याला जनावरांबरोबर ठेवून घेतले होते आणि त्याला काही कमी पडू देत नव्हते. हे वाचून काय वाटायचे ते ठरवणे सोपे नाही. आपल्या माणसाला जनावरांत ठेवले म्हणून रागवायचे, की ज्याला आपल्यापैकी कुणी विचारले नाही त्याला त्यांनी जेवू घातले म्हणून मान खाली घालायची? मी दुसऱ्या बाजूला झुकते. गंमत म्हणजे हाच देल्ला वाल्ले इराणमधल्या लांब केसांच्या मांजरांवर भाळला होता आणि त्या रोमला नेण्याचे बेत करत होता. पर्शियन मांजरांच्या शौकाचा आरंभ सांगताना आजही त्याचे नाव घेतात. एकाच माणसाच्या वहीत शौक आणि सेवा दोन्ही आहेत.

गुजरातची ही रीत व्यापाऱ्यांबरोबर मुंबईत आली, पण संस्था उभी राहायला एक दंगल व्हावी लागली. १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला. पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद झाले, इतर समाजांतलेही लोक त्यांच्या बाजूने आले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ सुरू झाली. आजच्या सी. पी. टँकच्या भागात ती अजून आहे. व्यापारावर बसवलेल्या वर्गणीतून तिचा खर्च चाले. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी मुंबईची सोसायटी स्थापन झाली, आणि १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. पारशी, जैन, हिंदू वाणी आणि इंग्रज, सगळ्यांची नावे या इतिहासात ठळक आहेत. कैरोत बाग वक्फ करणाऱ्या समाजाचे नाव मुंबईच्या या पानावर ठळक का नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

मांजर तेव्हा शौकापेक्षा कामासाठी होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची काही वर्षे त्याने प्रांत पोखरला. खानदेशही सुटला नाही. उंदरावरच्या पिसवेतून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, तरी सरकारी यंत्रणेला ते पटायला वेळ लागला. मग उंदीर मारण्याची मोहीम निघाली, विष आणि सापळे घेऊन. अमरावतीत असलेले लष्करी डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी गावोगाव घरांतली मांजरे मोजायला लावली, आणि जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेगला थारा मिळत नाही असे मत मांडले. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा यावर लेख आला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपल्याला माहीत आहे, तेव्हा त्यांचा उपाय आहे तसा उचलता येणार नाही. पण धान्याची कणगी असलेल्या घरात मांजर का असायचे, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

कणग्या गेल्या, तसे मांजराचे कामही गेले. काम नसलेल्या जिवाला घराबाहेर काढायला भीतीचे एक निमित्त पुरते. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. त्याच महिन्यात जर्मनीत एक मांजर त्याच रोगाने मेले, अशी बातमी आली. तिथे बाधित भागातली मांजरे घरात ठेवण्याचे आदेश निघाले. घरात ठेवण्याचे, हाकलण्याचे नव्हे. २०२० मध्ये कोरोनाच्या अफवांनी लोक पाळीव जनावरे रस्त्यावर सोडू लागले, तेव्हा प्राणी कल्याण मंडळाला सूचना काढून समजावावे लागले.

असे सोडून देणे हा गुन्हा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, ज्याच्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा पाठपुरावा होता, त्याच्या कलम ११ मध्ये उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत प्राणी टाकून देणे स्पष्ट घातले आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. नंदुरबारच्या बाजारात तेवढ्यात मांजराला एक वेळचे मासेही यायचे नाहीत.

मुंबई-पुण्याच्या संस्था मांजर देताना फॉर्म भरून घेतात. घर स्वतःचे की भाड्याचे, खिडकीला जाळी आहे का, घरच्यांची संमती आहे का, लस देणार का, नसबंदी करणार का. काही जण घर बघायला येतात. लोक चिडतात, "मांजरच नेतोय, मुलगी मागायला नाही आलो." मला हा फॉर्म त्या कोंडणाऱ्या बाईच्या हदीसचा तर्जुमा वाटतो. ताब्यात देण्याआधी विचारून घ्यायचे, पोसशील का?

आमच्या जिल्ह्यात मांजरांसाठी असे निवारागृह माझ्या पाहण्यात नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने उभे राहिले ते गाय-बैल, शेळी-मेंढी यांच्यासाठी. मटणाच्या दुकानापाशी, मशिदीच्या वुजूखान्याजवळ, गोदामांत मांजरे जगतात, आणि कुणी ना कुणी त्यांना घालतेच. घालण्यात आपण कमी नाही. कमी पडतो ते पुढच्या पायरीवर. दरवर्षी दोन-तीन वेळा पिले होतात, मग एक दिवस गोणी भरते.

नसबंदीचे नाव काढले की "ते नाजायज आहे" असे लगेच ऐकू येते. म्हणून मी फतावा-ए-आलमगीरी पाहिला. औरंगजेबाच्या हुकमाने सतराव्या शतकात अनेक आलिमांनी मिळून तयार केलेला हा हनफी फिकहचा संग्रह. बादशहाच्या नावाने आज भांडणे होतात, पण त्यात मांजराच्या खच्चीकरणाचाही मसला असेल असे भांडणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. आहे. त्यातून फायदा होत असेल किंवा नुकसान टळत असेल तर हरकत नाही, असे तिथे नोंदवले आहे. हिदायातही जनावरांच्या खच्चीकरणाला सर्वसाधारण मुभा आहे. शाफई मताप्रमाणे अटी जास्त कडक आहेत, आणि मादीच्या शस्त्रक्रियेबद्दल आजच्या मुफ्तींना विचारावे हे बरे. पण "आपल्यात चालतच नाही" हे वाक्य ग्रंथांतून आलेले नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीच्या मशिदीसमोर मिरचीच्या रिकाम्या गोणीत पाच पिले निघाली. डोळे लाल, तिखटाने शिंकत होती. इमाम साहेब वैतागले होते, आणि त्यांचे बरोबर होते, ते काही कैरोचे काझी नाहीत. असरनंतर चार-पाच घरांतल्या आम्ही बाया आणि दोन तरुण मुले बसलो. पिले एका घराच्या गच्चीवर ठेवली, दुधाचा खर्च वाटून घेतला. मी एका पानावर पाच ओळी लिहिल्या, एका बाजूला उर्दू, एका बाजूला मराठी. खायला घालीन. रेबीजची लस देईन. सहा महिन्यांनी नसबंदीसाठी नेईन, खर्च जमला नाही तर सांगेन. विकणार नाही. ठेवणे शक्य झाले नाही तर रस्त्यावर सोडणार नाही, परत आणून देईन. नेणाऱ्याने खाली सही करायची. वर शीर्षक काय द्यायचे यावर थोडी चर्चा झाली, शेवटी 'कफालतनामा' ठरले. एका चाचांनी सही करताना विचारले, "आणि परत आणलं तर तुम्ही घ्याल?" पाचवी ओळ आमच्यावरही बंधनकारक आहे, हे तेव्हा नीट लक्षात आले. आम्ही त्याखाली आमच्याही सह्या केल्या.

तीन पिले गेली. एक किराणा दुकानदाराकडे, एक आमच्या मागच्या भिल्ल वस्तीतल्या आजीकडे, एक शाळेतल्या शिपायांच्या घरी. त्यांनी उर्दूची बाजू नको म्हणत मराठीवर सही केली. दोन अजून गच्चीवर आहेत, एक काळे-पांढरे, एक पिवळसर. पिवळसरचा एक डोळा तिखटाने खराब झाला आहे, त्यामुळे त्याला कुणी मागत नाही.